काट्यावरचा कायदा

फेब्रुवारी उतरणीला लागला की नीमच-मंदसौरच्या खेड्यांत ऊन कलायची वाट पाहिली जाते. दुपार ढळली की घरातले सगळे शेतात उतरतात. आजी, सून, कॉलेजातून आलेला मुलगा, शिवाय रोजंदारीवरचे चारदोन जण. प्रत्येकाच्या हातात बारीक, टोकदार पाती एकत्र बांधलेलं लहानसं अवजार असतं. पांढऱ्या पाकळ्या केव्हाच गळून गेलेल्या असतात आणि छातीपर्यंत आलेल्या दांड्यांवर हिरवी, गोल बोंडं उभी असतात. त्यांना इकडे डोडा म्हणतात. डोडा डाव्या हाताने धरायचा, पाती टेकवायची आणि एका दमात ओढायची. चीर खोल गेली तर दूध बोंडाच्या आत उतरतं आणि बी खराब होतं. उथळ राहिली तर ते बाहेर येतच नाही. हाताला हे माप बसायला दोन-तीन हंगाम जातात, असं एका घरातल्या आजींनी सांगितलं. त्यांचं लग्न होऊन त्या या गावात आल्या तेव्हा सासूने त्यांना पहिल्या वर्षी शेतात फक्त बघायला उभं केलं होतं.

रात्रभर दूध थेंबाथेंबाने पाझरतं. हवा लागून ते आधी गुलाबीसर आणि मग तपकिरी होतं. सकाळी ऊन तापायच्या आत ते लोखंडी पातीने खरवडून भांड्यात घ्यायचं. खरवडणारा माणूस मागे मागे सरकत जातो. पुढे चालला तर दुसऱ्या डोड्यांवरचं दूध कपड्यांना पुसलं जाईल. दोन-तीन दिवसांनी त्याच डोड्याला पुन्हा चीर. या दिवसांत पावसाची एक सर आली, गारा पडल्या किंवा वारा सुटला, तर वर्ष गेलं. पोपट या बोंडांना सोकावलेले असतात, म्हणून शेतावर जाळ्या ताणलेल्या असतात. नीलगायींसाठी कुंपण आणि माणसांसाठी रात्रीचा पहारा असतो. हंगाम सुरू करताना शेतात कालीमातेची पूजा होते. पीक म्हणजे काळं सोनं आहे आणि घरात धोकाही तितकाच आणतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

खरवडलेला चीक घरी आला की रोजच्या रोज लंबरदारासमोर जोखायचा. लंबरदार गावातलाच एक शेतकरी असतो, पण नेमणूक सरकारी. आज किती निघालं ते त्याच्या वहीत लिहिलं जातं आणि समोर शेतकऱ्याची सही किंवा अंगठा होतो. एप्रिलमध्ये सरकारी तौल केंद्रावर सगळा माल जमा करताना हीच वही उघडली जाते.

यंदाच्या अंकाचा विषय 'मोजमाप' आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला आठवली ती ही वही. आपल्या देशात अफूइतकं बारकाईने मोजलं जाणारं दुसरं पीक नाही. याच मालाशी संबंधित गुन्ह्याची शिक्षाही आपण ग्रॅमवर ठरवतो. त्यामुळे अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापाराची आणि त्याला आवर घालण्याच्या प्रयत्नांची गोष्ट सांगायची, तर काट्याच्या मागे मागे जावं असं वाटलं. मालव्यातून मुंबईला, तिथून न्यायालयात आणि मग पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांकडे.

दहा आरीचा हिशेब

अफूचा परवाना, म्हणजे पट्टा, केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो देतो. त्याचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक जिल्ह्यांतच पट्टे मिळतात. दर वर्षी पेरणीआधी केंद्राचा महसूल विभाग अफूचं धोरण जाहीर करतो आणि त्या दिवशी या पट्ट्यात दुसरा विषय नसतो. बहुतेकांना मिळते ती दहा आरी जमीन. आपल्या सातबाऱ्यावरचा आर तोच हा, म्हणजे साधारण दहा गुंठे. एवढ्याशा तुकड्यासाठी घराची पत ठरते. पट्टेवाल्या घरात मुलगी द्यायला लोक पुढे येतात, असं मला एकाहून अधिक गावांत ऐकायला मिळालं.

पेरणी झाली की ब्युरोची माणसं येऊन शेत मोजतात. त्याला नापती म्हणतात. परवान्यापेक्षा जास्त पेरा निघाला तर जादा पीक उपटायचं. तौल केंद्रावर प्रत्येकाचा चीक काट्यावर चढतो, त्यातला ओलावा तपासला जातो आणि माल सरकारी अफू व अल्कलॉइड कारखान्याकडे जातो. असे कारखाने दोनच आहेत, एक नीमचला आणि दुसरा गाझीपूरला. तिथे त्यातलं मॉर्फिन, कोडीन वगैरे औषधांसाठी वेगळं करतात. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला जी गोळी झोप देते, तिची सुरुवात या दहा गुंठ्यांत असते. पूर्वी हेक्टरी किती किलो चीक दिला यावर पुढच्या वर्षीचा पट्टा ठरायचा. लोक चिकात भेसळ करून वजन भरू लागले, तेव्हा मोजमाप बदललं आणि चिकातल्या मॉर्फिनवर आलं. अलीकडच्या काही हंगामांत हेक्टरी ४.२ किलो मॉर्फिन ही किमान अट होती. ती चुकली की पट्टा गेला.

सरकारी भाव किलोला साधारण हजार ते साडेतीन हजार रुपयांच्या दरम्यान राहत आला आहे. चोरबाजारात त्याच्या कित्येक पट मिळतात. गळती होते ती या फरकातून. दहा गुंठ्यांत सहा-सात किलो निघाले, त्यातला अर्धा किलो वहीत चढलाच नाही, तर कुणाच्या डोळ्यांवर येणार? असा अर्धा-अर्धा किलो गावोगावी फिरून गोळा करणारी माणसं असतात. "वही लिहिणारा आमचाच भाऊबंद आहे. त्याने डोळे मिटले तर सरकार काय करणार?" असं एका वयस्क शेतकऱ्याने मोकळेपणाने सांगितलं. पकडला गेलेला पट्टेदार मात्र मोठ्या तस्करासारखाच दीर्घ शिक्षेला पात्र ठरतो. परवानाधारकाने अफू परस्पर वळवणं हा कायद्यात स्वतंत्र, कडक गुन्हा आहे.

अलीकडच्या वर्षांत काही शेतकऱ्यांना वेगळ्या प्रकारचे परवाने देणं सुरू झालं. त्यात डोड्याला चीरच द्यायची नाही. वाळलेलं बोंड देठासकट सरकारला द्यायचं आणि कारखान्यात यंत्राने त्याचा अर्क काढायचा. चीकच नाही म्हणून चोरीही नाही, असा त्यामागचा विचार. शेतकऱ्यांना तो फारसा पटलेला दिसला नाही. त्यांच्या मते पिढ्यान्‌पिढ्यांची हातोटी संपेल आणि पैसाही कमी येईल. बी मात्र दोन्हीकडे शेतकऱ्याचंच राहतं. ही खसखस नीमचच्या मंडीत पोत्यांनी येते आणि तिथून आपल्या दिवाळीच्या अनारशांपर्यंत पोचते. देशाला ती पुरत नाही, म्हणून तुर्कस्तानातूनही मागवावी लागते.

इंदूरचा काटा, मुंबईची गोदी

हा सगळा बंदोबस्त आला कुठून, हे पाहायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं, आणि तिथे आपलं मुंबई शहर भेटतं.

बंगालात ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. पाटणा-गाझीपूरच्या शेतकऱ्याने कंपनीकडून उचल घ्यायची, तिच्या भावाने अफू द्यायची आणि कंपनीने ती कलकत्त्याला लिलावात विकायची. चीनमध्ये अफूवर बंदी असल्याने पुढचं काम खासगी व्यापारी करत आणि कंपनी हात स्वच्छ ठेवी. मालवा मात्र तिच्या हातात नव्हता. तिथे शिंदे, होळकर आणि इतर संस्थानिकांचं राज्य होतं. उज्जैन-इंदूरचे सावकार शेतकऱ्याला पैसा पुरवत आणि माल थेट पश्चिम किनाऱ्याकडे रवाना होई. चीनच्या बाजारात मालव्याची अफू बंगालच्या अफूशी स्पर्धा करू लागली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कंपनीने मुंबई बंदरातून तिची निर्यात बंद केली.

त्यानंतर जे झालं, ते पुढे दोन शतकं पुन्हा पुन्हा होत राहिलं आहे. माल थांबला नाही, त्याने वाट बदलली. दमण पोर्तुगीजांचं होतं आणि तिथे कंपनीचा कायदा चालत नव्हता. गुजरातेतली वाट अडवली गेल्यावर उंटांचे तांडे मारवाडातल्या पालीवरून जैसलमेर आणि तिथून कराचीला जाऊ लागले. कराचीहून जहाजाने दमण आणि पुढे चीन. या व्यापाराचे मोठे दलाल मुंबईतच बसलेले होते. गोव्याचे रोजेरियो द फारिया, जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांचे हिंदू-मुसलमान भागीदार. इतिहासकार अमर फारुकी यांनी या चोरट्या व्यापारावर तपशिलाने लिहिलं आहे. या व्यापाराने हिंदी व्यापाऱ्यांच्या हाती जे भांडवल आलं, त्यावर मुंबई उभी राहिली, असं त्यांचं म्हणणं आहे. ते खोडून काढणं मला अवघड वाटतं. १८४५ साली सुरू झालेलं जे. जे. रुग्णालय, जे. जे. कलाशाळा, जमशेटजींच्या पत्नी अवाबाई यांच्या पैशातून झालेला माहीमचा कॉजवे, यांमागच्या संपत्तीत कापूस होता, तशी अफूही होती. ही कामं झाली तेव्हा मुंबईत अफूचा व्यापार गुन्हा नव्हता. ज्या देशात माल उतरत होता, तिथे होता.

१८१८ साली पेशवाई बुडाल्यावर कंपनीने मालव्यातल्या संस्थानिकांवर दडपण आणलं. लागवड कमी करा, माल आम्हालाच विका, बाहेरचे तांडे अडवा. काहींनी करार केले, शिंद्यांनी नकार दिला. नाक्या-नाक्यांवर झडत्या, जप्त्या आणि खबऱ्यांना बक्षिसं सुरू झाली. गावोगावी चकमकी झाल्या, पण तांडे चालतच राहिले. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने नाद सोडला आणि काटा मांडला. व्यापाऱ्याने इंदूरला अफूची पेटी जोखून द्यायची, पेटीमागे १७५ रुपये भरायचे, पास घ्यायचा आणि माल उघडपणे मुंबईला न्यायचा.

हा दर कसा ठरला, ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. दमणच्या चोरवाटेने जाण्याचा खर्च आणि जोखीम मोजली, त्याहून पासाची रक्कम थोडी कमी ठेवली. ती जास्त वाटून व्यापारी पुन्हा दमणकडे वळू लागले, तेव्हा १८३५ मध्ये ती १२५ वर आणली. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, कराचीची वाट बंद झाली, आणि पासाचा दर चढत चढत १८४७ पर्यंत ४०० रुपयांवर गेला. वाट मोकळी असताना हाच दर लावला असता तर एक पेटीही इंदूरच्या काट्यावर आली नसती. बळाने जे जमलं नाही ते चोरवाटेचा खर्च ओळखून जमवलं. त्यामागे लोकांचं भलं नव्हतं, तिजोरी होती, हे विसरता येत नाही. त्याच काळात, १८३९ मध्ये, चिनी अधिकारी लिन झेशू यांनी वीस हजारांहून अधिक पेट्या हूमेनच्या किनाऱ्यावर नष्ट केल्या. त्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचा माल होता. त्यावरून पेटलेल्या युद्धात चीन हरला आणि अफू वाढतच गेली. चीनशी १९०७ मध्ये झालेल्या करारानंतर ती टप्प्याटप्प्याने घटवली गेली आणि १९१३ च्या सुमारास मालव्याची ही निर्यात थांबली.

गर्द

मुंबईच्या रस्त्यांवर ही वस्तू परत आली ती वेगळ्या रूपात. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या. तिथल्या अफूचं हेरॉइन करणाऱ्या भट्ट्या सरहद्दीवर उभ्या राहिल्या आणि माल कराची-पंजाबमार्गे मुंबईत येऊ लागला. त्यात मालव्याच्या गळतीची भर. १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत शहरात तपकिरी पूड दिसू लागली आणि लोकांनी तिला गर्द म्हटलं. चांदीच्या कागदावर पूड, खाली काडी, वर नळी. गिरणी कामगारांची मुलं, हमाल, टॅक्सीवाले, कॉलेजातली मुलं, सगळ्या थरांत ती पसरली. १९८२ च्या संपानंतर ज्या घरांत चूल विझली होती, तिथे ती अधिक खोल गेली.

अनिल अवचटांनी त्या काळात या मुलांमध्ये फिरून लिहिलं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अनिताताईंना रुग्णाशी बोलताना त्याच्या बायकोला आणि आईलाही समोर बसवायचं होतं, कारण व्यसन एकट्याचं नसतं हे त्यांनी वॉर्डात पाहिलं होतं. त्या कामाने महाराष्ट्राला एक वेगळी भाषा दिली. व्यसनी माणूस गुन्हेगार नव्हे, रुग्ण आहे, हे आज मराठी मध्यमवर्गाला पटतं त्यात या घराचा फार मोठा वाटा आहे. आणि अगदी त्याच वेळी दिल्लीत कायदा दुसऱ्या दिशेने निघाला होता.

पाच ग्रॅम, अडीचशे ग्रॅम

अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला पोलीस आणि वकील सगळेच एनडीपीएस म्हणतात, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला. त्याआधी १८५७ आणि १८७८ चे अफूचे कायदे होते. ते मुळात महसुलाचे, शिक्षाही किरकोळ. नव्या कायद्याने किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आणली. स्वतःच्या सेवनापुरत्या अगदी थोड्या मालाला सूट होती, पण त्यापलीकडे सगळे एकाच मापात. तीनशे ग्रॅमवाला हमाल आणि तीनशे किलोवाला मालक यांच्या शिक्षेत कायदा फरक करत नव्हता. पुढच्या वर्षी केंद्राचा नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो स्थापन झाला. १९८९ मध्ये जामीन जवळजवळ अशक्य करणारं कलम ३७ आलं. आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही.

२००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वजनाच्या पायऱ्या आल्या. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत असेल तर अल्प मात्रा, २५० ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर व्यावसायिक मात्रा. गांजा एक किलो आणि वीस किलो. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम. अल्प मात्रेला जास्तीत जास्त एक वर्ष, व्यावसायिक मात्रेला दहा ते वीस वर्षं. एका ग्रॅमच्या फरकाने माणसाच्या आयुष्याची दहा वर्षं इकडची तिकडे होतात. म्हणून मुंबईच्या सत्र न्यायालयात एनडीपीएसच्या खटल्यात मी बसले, तेव्हा सगळी लढाई काट्याभोवतीच चाललेली दिसली.

लाखेचं सील लावलेलं पाकीट मुद्देमाल म्हणून समोर आलं. तपास अधिकारी पिंजऱ्यात. बचावाच्या वकिलांनी माल कुठे सापडला हे विचारलंच नाही. काटा कुणाचा होता? जवळच्या किराणा दुकानातून आणला होता. त्याचं प्रमाणपत्र पाहिलं होतं का? दुकानदाराचा जबाब घेतला का? पिशवीसकट जोखलं की रिकामी पिशवी वेगळी जोखली? सील कुणाजवळ होतं? नमुना प्रयोगशाळेत किती दिवसांनी गेला? मधल्या काळात तो कुठे होता, आणि त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात आहे? अधिकारी अनुभवी होता, पण प्रत्येक उत्तरागणिक त्याचा घाम वाढत होता. नंतर व्हरांड्यात त्याने सांगितलं, "रात्री अडीच वाजता सापळा लावला होता. बनावट गिऱ्हाईक म्हणून आमचाच मुलगा पाठवला. पंच मिळेनात. काटा आणायला माणूस धावला. त्या वेळी प्रमाणपत्र कोण बघतं?"

त्याची अडचण खरी आहे. तरीही वकिलाचे प्रश्न मला अधिक खरे वाटतात. जिथे जामीन मिळत नाही आणि वजनावर दहा वर्षं ठरतात, तिथे कागद हेच एकमेव संरक्षण उरतं. कायद्याने ते जाणूनच अटी घातल्या आहेत. मिळालेली खबर लिहून काढून बहात्तर तासांच्या आत वरिष्ठांकडे पाठवायची. अंगझडतीआधी आरोपीला सांगायचं की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेण्याचा तुला हक्क आहे. १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे सांगणं बंधनकारक ठरवलं. २०२० मध्ये तोफान सिंग खटल्यात अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, असा निकाल आला. त्याच वर्षी हीरा सिंग खटल्यात मात्र आरोपीला जड जाणारा निर्णय झाला. पुडीत हेरॉइन थोडं आणि भेसळ जास्त असली, तरी सगळ्या पुडीचं वजन धरायचं. माझ्या मते या निकालाचा फटका तळाच्या माणसाला बसतो. रस्त्यावरचा माल जितका खाली येतो, तितकी भेसळ वाढत जाते. ज्याच्याकडे शुद्ध माल असतो त्याचं वजन कमी भरतं आणि ज्याच्याकडे चुना-साखर मिसळलेला असतो त्याचं जास्त.

जप्त मालाचं पुढे काय होतं, ही तितकीच गंभीर बाब आहे. २०१६ मध्ये मोहनलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या मुद्देमाल कोठड्यांची अवस्था पाहून कडक निर्देश दिले. माल जप्त होत होता, पण नष्ट होत नव्हता, आणि कोठड्यांतून चोरी होऊन तो पुन्हा बाजारात जायची धास्ती होती. २०२२ मध्ये मथुरेत पोलिसांनी ५८१ किलो गांजा उंदरांनी खाल्ला, असं न्यायालयाला सांगितलं. आता मॅजिस्ट्रेटसमोर यादी करून, नमुने काढून उरलेला माल लवकर नष्ट करायचा नियम आहे. मुंबईचा माल तळोज्याला औद्योगिक घातक कचऱ्याच्या भट्टीत जातो. तिथेही आधी काटा, मग सही, मग आग.

शेत नसलेला माल

इथवरच्या सगळ्या बंदोबस्ताला एक आधार होता. माल कुठेतरी उगवत होता. शेत होतं, शेतकरी होता, हंगाम होता. मालव्यात नापती होऊ शकते, कारण अफू लपवून वाढवता येत नाही. आज महाराष्ट्रापुढे जो प्रश्न आहे त्याला शेतच नाही.

मेफेड्रोन १९२९ मध्ये प्रयोगशाळेत प्रथम तयार झालं आणि सत्तर-पाऊणशे वर्षं विस्मरणात पडून राहिलं. २००० नंतर युरोपात ते बाजारात आलं आणि २०१० मध्ये ब्रिटनने त्यावर बंदी घातली. मग ते मुंबईत 'म्याव म्याव' आणि 'एमडी' म्हणून फिरू लागलं. आपल्या कायद्याच्या यादीत ते आलं २०१५ मध्ये. तोवर पोलिसांनी माल पकडला तरी एनडीपीएस लावता येत नव्हता. त्या मधल्या काळात त्याने शहरात जी मुळं धरली, ती अजून निघालेली नाहीत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडीचा कारखाना उघडकीला आणला. त्याच सुमारास पुण्याच्या ससून रुग्णालयात उपचारांसाठी ठेवलेला या धंद्यातला एक कैदी पोलिसांच्या हातून निसटला आणि सगळा महाराष्ट्र हादरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी एका छोट्या कारवाईचा धागा धरून दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीपर्यंत मजल मारली. तिथून धागा दिल्ली आणि सांगलीजवळच्या कुपवाडला गेला. एकूण १,७०० किलोंहून अधिक एमडी सापडलं. पन्नास ग्रॅम ही व्यावसायिक मात्रा असलेल्या पदार्थाचे हे आकडे आहेत.

कुरकुंभचा रस्ता मी पाहिला. पुणे-सोलापूर महामार्गावरून आत वळलं की दोन्ही बाजूंना रासायनिक कारखाने, टँकर, चहाच्या टपऱ्या आणि हवेत आंबूस वास. एका लहान कारखान्याच्या मालकाने दोन तास बसवून घेऊन सगळं समजावलं. इथली बरीच युनिटं स्वतःचं काही बनवत नाहीत, दुसऱ्यांसाठी जॉबवर्क करतात. मोठी कंपनी कृती देते, कच्चा माल देते, मधला एखादा टप्पा इथे होतो. काम कमी झालं की युनिट भाड्याने जातं. रिॲक्टर, सेंट्रिफ्यूज, ड्रायर सगळं तयार असतं. "माणूस येतो, औषधाचं इंटरमीडिएट बनवायचं म्हणतो, तिप्पट भाडं देतो. आपण काय विचारणार? ड्रमवर लेबल त्याचंच असतं," मालक म्हणाले. कामगाराला तर फक्त तापमान आणि वेळ सांगितलेली असते. त्याला आपण काय ढवळतो आहोत हे ठाऊक नसतं, आणि धाड पडली की पहिला तोच आत जातो.

देखरेखीची व्यवस्था कागदावर आहे. हेरॉइनसाठी लागणारं ॲसेटिक अनहायड्राइड, इफेड्रीन यांसारख्या रसायनांवर १९९० च्या दशकापासून नियंत्रण आहे. २०१३ च्या आदेशानुसार ती बनवणाऱ्या-विकणाऱ्याने नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडे नोंदणी करून दर तिमाहीला हिशेब द्यायचा. तरी २०१६ मध्ये ठाणे पोलिसांना सोलापूरकडच्या एका औषध कारखान्यात टनांनी इफेड्रीन सापडलं, आणि त्याच वर्षी महसूल गुप्तचर संचालनालयाने उदयपूरला सुमारे साडेतेवीस टन मँड्रॅक्स पकडलं. नियंत्रण यादीतल्या पदार्थावर असतं. एक रसायन यादीत आलं की केमिस्ट त्याच्या शेजारचं दुसरं निवडतो. गुजरातेतली वाट अडवली गेल्यावर अफूच्या तांड्यांनी जे केलं, तेच इथे प्रयोगशाळेत चाललं आहे.

तरी हताश होण्यासारखं मला वाटत नाही. या धंद्याला शेत नसलं तरी वीज लागते, पाणी लागतं, सांडपाणी सोडावं लागतं, सॉल्व्हंटचे ड्रम लागतात. कागदावर बंद असलेल्या युनिटचं वीजबिल वाढलं, तर ते महावितरणला दिसतं. सांडपाण्याचा टँकर प्रदूषण मंडळाला दिसू शकतो. भाडेकरार एमआयडीसीला दिसू शकतो. मुंबईच्या अमली पदार्थविरोधी कक्षात अनेक वर्षं काढलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्याने हेच सांगितलं. पुडीवाल्याला पकडून मालापर्यंत जायचं ही जुनी पद्धत झाली, आता बिलांवरून मागे जायला हवं. पण ही तीन खाती एका टेबलाशी बसत नाहीत आणि पुडीवाला मात्र रोज हाताशी असतो.

बंदरात हा फरक आणखी ठळक होतो. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात अफगाणिस्तानहून इराणमार्गे आलेल्या टाल्कच्या खड्यांच्या दोन कंटेनरांत २,९८८ किलो हेरॉइन निघालं. पुढच्या वर्षी न्हावा शेवाला ज्येष्ठमधाच्या काड्यांवर हेरॉइनचा लेप दिलेला बावीस टनांचा माल पकडला गेला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथेच सफरचंद-पेअरच्या पेट्यांत पन्नास किलो कोकेन. रोज येणाऱ्या हजारो कंटेनरांपैकी उघडून पाहिले जातात ते थोडेच. बाकीचं काम कागद वाचण्याचं आहे. ही आयात करणारी कंपनी किती दिवसांची, तिने याआधी काय मागवलं, या मालाला या भावाने हा प्रवास परवडतो का? महसूल गुप्तचरांचं यश बऱ्याचदा अशा प्रश्नांतून आलेलं आहे.

सेवनाचा खटला

राष्ट्रीय गुन्हे नोंदणीत अमली पदार्थांचे खटले दोन भागांत येतात. एक, स्वतःच्या सेवनासाठी बाळगल्याचे. दुसरे, व्यापाराचे. महाराष्ट्रात पहिल्या भागाचा वाटा मोठा असतो. म्हणजे ज्या यंत्रणेला कंटेनरची बिलं वाचायची आहेत आणि बंद युनिटांचं वीजबिल तपासायचं आहे, तिचे हात रस्त्याच्या कोपऱ्यावर चिलीम ओढणाऱ्या पोरांच्या पंचनाम्यांत गुंतलेले आहेत. मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयात ही मुलं गुन्हा कबूल करतात, दंड भरतात, बाहेर पडतात. सगळं पाच-दहा मिनिटांत उरकतं. तू कधीपासून घेतोस, हे कुणी विचारत नाही.

कायद्यात वाट आहे. कलम ६४-अ सांगतं की सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने उपचारांना तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. कलम ३९ प्रमाणे दोषी ठरल्यावरही न्यायालय त्याला तुरुंगाऐवजी सरकारमान्य केंद्रात पाठवू शकतं. त्यासाठी फक्त त्या माणसाची संमती आणि हमीपत्र लागतं. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात बरीच वर्षं काम करणाऱ्या एका समुपदेशक ताईंशी यावर बोलले. एमडी घेणारी मुलं गर्दच्या काळातल्या रुग्णांपेक्षा लहान असतात, असं त्या म्हणाल्या. गर्द सोडताना अंग मोडून येतं, ते डोळ्यांना दिसतं आणि घरच्यांना कळतं. एमडी सोडल्यावर मुलगा नुसता पडून राहतो, उदास, चिडका, कधी जिवाचं काही करून घेण्याच्या विचारात. घरच्यांना वाटतं, सुटला एकदाचा. नेमकं तेव्हाच त्याला सर्वाधिक सोबत लागते.

न्यायालयातून पाठवलेला रुग्ण त्यांच्याकडे क्वचितच येतो. जे येतात त्यांना आई घेऊन येते किंवा आधी सुटलेला मित्र. त्यांची मागणी अगदी साधी आहे. मुंबई-पुण्यातल्या ज्या मॅजिस्ट्रेट न्यायालयांत सेवनाचे खटले चालतात, तिथे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी एक प्रशिक्षित समुपदेशक बसावा, त्याच्याकडे ६४-अ चा छापील अर्ज मराठीत आणि हिंदीत असावा, आणि जवळच्या केंद्रात किती खाटा रिकाम्या आहेत याची त्या दिवशीची यादी असावी. अर्जाचा मसुदा त्यांनी एका वकिलाच्या मदतीने तयारही केला आहे. दोन न्यायालयांत तो दिला, एका ठिकाणी तो स्वीकारून फायलीला लावला गेला. दुसऱ्या ठिकाणच्या कारकुनाने विचारलं की हा अर्ज कुठल्या रजिस्टरात चढवायचा, कारण असा रकानाच त्याच्या रजिस्टरात नव्हता. ताई आता तो रकाना मंजूर करून घ्यायच्या मागे लागल्या आहेत.